ऑपरेशनच्या टेबलावर बीपी का उतरतो, आणि ते आधी कसं ओळखतात

 

आज ऑपरेशनबद्दल बोलायचं आहे. घाबरू नका, चिरफाडीचं वर्णन करणार नाही. मी काही डॉक्टर नाही. बी.ए. झालेली, बचत गटांचं काम पाहणारी बाई आहे. पण गटांच्या कर्जाच्या वह्या दर महिन्याला माझ्या हातातून जातात. बियाणं, शेळी, शिलाई मशीन, पोरीची फी या रकान्यात आताशा एक शब्द सारखा दिसतो, ‘ऑपरेशन’. कुणाचं पिशवीचं, कुणाचं पित्ताच्या खड्याचं, कुणाच्या सुनेचं सिझेरियन, कुणाच्या नवऱ्याचा हर्निया. कर्ज देताना आपण बैठकीत काय विचारतो? किती लागतील, फेड कधी करशील, जामीन कोण राहील. बाई टेबलावर झोपल्यावर तिच्या अंगात काय होणार आहे, हे कुणी विचारत नाही. ते डॉक्टरचं काम, असं म्हणून आपण मोकळ्या होतो. पण त्यातला बराच भाग आपल्या हातात असतो, म्हणून हा विषय घेतला.

मोठं ऑपरेशन म्हटलं की आपल्याला सर्जन दिसतो. पण टेबलाच्या डोक्याकडे आणखी एक डॉक्टर बसलेला असतो, भूल देणारा. भूल देऊन तो चहा प्यायला जातो असं आपल्याकडे पुष्कळ जणींना वाटतं. तसं नसतं. ऑपरेशन संपेपर्यंत तो तुमच्या श्वासावर, नाडीवर आणि बीपीवर नजर ठेवून असतो. आणि ज्या गोष्टीची त्याला सगळ्यात जास्त धास्ती असते त्यातली एक म्हणजे बीपी अचानक उतरणं.

आपल्याला बीपी वाढण्याची भीती माहीत आहे. आरोग्य केंद्रात गेलं की पट्टा बांधतात, वाढला तर गोळी सुरू होते. उतरणं मात्र आपण ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सोडून देतो. टेबलावर तसं सोडून देता येत नाही.

आपल्या गावातली नळयोजना डोळ्यापुढे आणा. टाकी उंचावर, तिथून पाईप, आणि गावाच्या टोकाला शेवटचं घर. प्रेशर चांगलं असेल तर टोकाच्या घरीही हंडा भरतो. प्रेशर कमी झालं तर टाकीजवळच्या घरी बारीक धार तरी येते, टोकाचं घर कोरडं. शरीरात ही टोकाची घरं म्हणजे किडनी, मेंदू आणि खुद्द हृदयाचा स्नायू. ती शरीराच्या टोकाला नाहीत, पण प्रेशर घसरलं की त्यांचं नुकसान लवकर होतं. बाकी हातापायाला थोडा वेळ कमी रक्त मिळालं तरी चालून जातं.

आता नळाचं प्रेशर कशाने कमी होतं? टाकीत पाणीच नाही, मोटार अशक्त आहे, किंवा पाईप एकदम मोठा टाकला पण पाणी तेवढंच आहे. शरीरात हीच तीन कारणं. रक्त किंवा पाणी कमी पडलं, ही टाकी रिकामी. हृदय कमजोर, ही मोटार अशक्त. आणि भुलीचं औषध रक्तवाहिन्या सैल करतं, हा पाईप मोठा झाला. तिसरं कारण जवळपास प्रत्येकीच्या बाबतीत घडतं, कारण भूल प्रत्येकीला लागते. म्हणजे थोडा बीपी उतरणार हे डॉक्टर धरूनच चालतात. किती उतरेल आणि कधी उतरेल, हे आधी ओळखण्यात खरं कसब आहे.

थोडा हिशेब सांगते. गटाचं व्याज काढता त्यापेक्षा सोपा आहे. बीपीचे दोन आकडे असतात. समजा १२० आणि ८०. दोघांतला फरक ४०. त्याचा तिसरा भाग साधारण १३. तो खालच्या आकड्यात मिळवला की ९३. ही झाली सरासरी. भूल देणारे डॉक्टर या सरासरीवर लक्ष ठेवतात आणि साधारणपणे ती ६५ च्या खाली जाऊ देत नाहीत. आता बीपी ९० आणि ५० झाला तर? फरक ४०, तिसरा भाग १३, सरासरी ६३. म्हणजे धोक्याच्या रेषेच्या खाली. ज्यांचा बीपी मुळात वाढलेला असतो त्यांना तर ६५ सुद्धा कमी पडू शकतो, कारण त्यांच्या शरीराला जास्त प्रेशरची सवय झालेली असते.

थोडा वेळ कमी झाला तर काय बिघडतं, असं वाटेल. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिक या मोठ्या दवाखान्याने ३३ हजारांहून जास्त ऑपरेशनच्या नोंदी तपासल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापला. सरासरी ५५ च्या खाली अगदी काही मिनिटं गेली तरी नंतर किडनी आणि हृदयाला इजा झालेले रुग्ण जास्त आढळले. जितकी जास्त मिनिटं, तितका जास्त धोका. बाई शुद्धीवर येते, टाके सुकतात, सगळे म्हणतात ऑपरेशन चांगलं झालं. किडनीला बसलेला मार वरून दिसत नाही.

बीपी मोजण्याची गोष्टही फार जुनी नाही बरं. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची युक्ती इटलीच्या रिवा-रोची नावाच्या डॉक्टरने १८९६ मध्ये काढली. कुशिंग नावाच्या अमेरिकन सर्जनने १९०१ मध्ये ती इटलीत पाहिली आणि आपल्या ऑपरेशन थिएटरात नेली. त्याआधी भूल देणारा माणूस नाडीवर बोट ठेवून बसायचा, तेवढाच आधार. काही डॉक्टरांना तर हा पट्टा नसती कटकट वाटली होती, बोटाला कळतं तेवढं पुरे म्हणायचे. आज बीपीचं मशीन नसलेलं ऑपरेशन थिएटर आपण कल्पनेतही आणणार नाही.

आता आधी ओळखण्याचं बघू. पट्टा दर तीन-पाच मिनिटांनी फुगतो आणि आकडा दाखवतो. म्हणजे बीपी उतरल्यावर कळतं. उतरण्याच्या आधी कळलं तर? यासाठी अमेरिकेतल्या एका कंपनीने कॉम्प्युटरला शिकवलं. मनगटाच्या धमनीत बारीक नळी घातली की दर ठोक्याला दाबाची एक लाट पडद्यावर दिसते. तेराशेहून जास्त रुग्णांच्या अशा लाटा कॉम्प्युटरला दाखवल्या आणि कोणत्या लाटेनंतर दाब घसरला ते शिकवलं. २०१८ मध्ये त्याचा लेख आला. दाब उतरण्याच्या १५ मिनिटं आधी हे मशीन १०० पैकी ८८ वेळा बरोबर इशारा देतं, असं त्यात म्हटलं होतं. कोळशाच्या खाणीत भूसुरुंगाआधी भोंगा वाजतो, तसाच हा भोंगा म्हणा.

ऐकायला छानच. पण पुढची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर अर्धवट माहिती होईल. नेदरलँड्सच्या ॲमस्टरडॅम शहरात ६० च्या आसपास रुग्णांवर हे तपासलं. ज्यांच्यासाठी मशीनचा इशारा वापरला त्यांचा बीपी ऑपरेशनभर मिळून साधारण ८ मिनिटं खाली राहिला, ज्यांच्यासाठी वापरला नाही त्यांचा ३३ मिनिटांच्या जवळपास. त्याच वर्षी, २०२० मध्ये, अमेरिकेत २१४ रुग्णांवर दुसरी तपासणी झाली, त्यात काहीच फरक दिसला नाही. नंतर डेन्मार्कच्या संशोधकांनी दाखवून दिलं की हे मशीन बरंचसं आत्ताच्या बीपीकडे बघूनच बोलतं. आत्ता ७० आहे म्हणजे थोड्या वेळात ६५ च्या खाली जाण्याची शक्यता जास्त. हे तर जागरूक डॉक्टरलाही कळतंच. माझं मत विचाराल तर मशीन येऊ द्या, सुधारू द्या, पण आपल्या भागात ते यायची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. कारण बीपी उतरणार की नाही याचा पुष्कळसा अंदाज बाई थिएटरात जायच्या आधीच बांधता येतो. त्यासाठी लागणारी माहिती आपल्याजवळ असते, डॉक्टरजवळ नसते.

ती कोणती, ते आता सांगते.

पहिली, बीपीच्या गोळ्या. आमच्या एका गटातली बाई आहे, मूल तालुक्याकडची. पिशवीच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. बीपीची गोळी दोन वर्षांपासून चालू. पण तिने मुलाला बजावून ठेवलं, “डॉक्टरले गोळीचं सांगजो नोको, नाहीतर तारीख पुढं ढकलते.” तिचंही चूक म्हणता येत नाही. रोवणी तोंडावर आलेली. गटाचं कर्ज उचललेलं, त्याचं व्याज चालू. आणि पदराआड वर्षभर दुखणं सोसलेलं. पण भूल देणाऱ्या मॅडम हुशार. तपासणीच्या दिवशी त्यांनी सरळ ‘गोळ्या चालू आहेत का’ असं न विचारता, ‘घरी डब्यात कोणकोणत्या गोळ्या आहेत’ असं विचारलं. मुलगा बोलून गेला. टेलमिसार्टन निघाली.

या टेलमिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल जातीच्या गोळ्या घेतलेल्या असतील आणि वर भूल दिली तर काही जणांचा बीपी असा उतरतो की नेहमीच्या औषधाने लवकर वर येत नाही. म्हणून पुष्कळ डॉक्टर ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून ती गोळी थांबवायला सांगतात. पण मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल या गोळ्या अचानक बंद केल्या तर उलटा त्रास होतो, त्या चालू ठेवतात. म्हणजे कोणती थांबवायची आणि कोणती घ्यायची हे आपण ठरवायचं नाही. शेजारणीची थांबवली म्हणून आपली थांबवायची नाही. पट्ट्या पिशवीत घालून न्यायच्या आणि भूल देणाऱ्या डॉक्टरपुढे टेबलावर ओतायच्या. वैदूचं औषध, कंबरदुखीची काळी पुडी, शुगरची गोळी, सगळं.

त्या बाईचं आणखी एक निघालं. रक्त ७ च्या जवळपास, म्हणजे हिमोग्लोबिन. ऑपरेशन पुढे ढकललं. घरचे चिडले, गटातही कुरबूर झाली. बैठकीत अध्यक्षा म्हणाल्या, व्याज तर चालूच राहील, नियम नियम आहे. दुसऱ्या एकीने विचारलं, “मग बाईनं व्याजासाठी जीव धोक्यात घालावं का?” बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी ठराव झाला की डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली तर तेवढ्या आठवड्यांचं व्याज गट घेणार नाही. रक्कम पाहिली तर काही मोठी नव्हती. पण त्या ठरावानंतर आमच्या दोन-तीन गटांत बायका गोळ्यांचं मोकळेपणाने सांगायला लागल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तुमच्या गटात असा ठराव करायचा का, ते तुम्ही बघा.

रक्त कमी असणं ही आपल्याकडे घरोघरची गोष्ट आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १०० बायकांपैकी ५४ जणींना रक्तक्षय निघाला. ज्या बाईची पिशवी काढायची तिचं तर महिनोन्‌महिने अंगावरून जाऊन रक्त आधीच आटलेलं असतं. बँकेत शिल्लक नसताना मोठा खर्च काढावा तसं होतं. टेबलावर थोडं रक्त गेलं तरी तिला ते झेपत नाही. ऑपरेशन तातडीचं नसेल तर आधी लोहाच्या गोळ्या किंवा सलाईनमधून लोह देऊन रक्त वाढवतात. त्याला काही आठवडे लागतात. तारीख पुढे गेली म्हणजे डॉक्टर टाळतोय, असं दर वेळी समजू नका.

सिकलसेलचं तर वेगळं सांगायला हवं. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार बऱ्याच घरांत आहे, लग्न जुळवताना लपवतात तसा ऑपरेशनच्या वेळीही लपवतात. बीपी उतरला, अंगातलं पाणी आटलं, थंडी लागली किंवा ऑक्सिजन कमी पडला की या रुग्णांच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. म्हणून यांचा बीपी उतरू न देणं जास्तच महत्त्वाचं. तपासणीचं कार्ड असेल तर घेऊन जा. तपासणी झालेलीच नसेल तर ऑपरेशनच्या आधी करून घ्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. ‘उपाशी या’ असं दवाखान्यात सांगतात. आपण त्याचा अर्थ एकादशीसारखा नाही, निर्जळीसारखा घेतो. आदल्या दिवशी संध्याकाळीच जेवण बंद, पाणी बंद, पहाटे एसटी धरायची, भामरागड किंवा सिरोंच्याकडून गडचिरोलीला यायचं म्हणजे दीडशे किलोमीटरच्या वर, आणि दुपारी दोनला नंबर लागतो. मे महिना असेल तर आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. तेंदूपत्त्याच्या दिवसांत तर बाई आदल्या दिवसापर्यंत जंगलात असते. टाकी आधीच रिकामी करून ती टेबलावर झोपते, आणि भूल दिली की बीपी धाडकन खाली.

पोट रिकामं ठेवण्याचं कारण वेगळं आहे. भुलीत उलटी होऊन ती फुप्फुसात जाऊ नये म्हणून. त्यासाठी जेवण साधारण ६ तास आधी बंद, जड तेलकट असेल तर आणखी आधी. पण साधं पाणी बहुतेक रुग्णांना २ तास आधीपर्यंत चालतं, असे आजचे नियम आहेत. बहुतेक म्हटलं, सगळ्यांना नाही. गरोदरपण, शुगर, पोटाचा अडसर असेल तर वेगळं. म्हणून डॉक्टरना किंवा सिस्टरना स्पष्ट विचारायचं, “जेवण किती वाजता बंद करू, आणि पाणी किती वाजता बंद करू?” दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळे उत्तर. चहा-दूध हे पाण्यात धरायचं नाही. आणि मधल्या वेळेत ‘घोटभर खाल्लं तर काय होते’ म्हणून लपून खायचं नाही, खाल्लंच असेल तर सांगून टाकायचं.

खर्रा. हसू नका. गडचिरोली-चंद्रपुरात बायकाही खातात, आपल्याला माहीत आहे. थिएटरच्या दारापर्यंत तोंडात ठेवणाऱ्या आहेत. तंबाखूने नाडी जोरात धावते, बीपीचा खरा आकडाच कळत नाही. वर सुपारीने तोंड आखडलेलं असतं, दोन बोटंसुद्धा आत जात नाहीत. पूर्ण भूल देताना तोंडातून श्वासाची नळी घालावी लागते, मग तिथे डॉक्टरची कसोटी लागते. किती वर्षांपासून खाते आणि तोंड किती उघडतं, हे आधी दाखवायचं.

तिसरी गोष्ट, तुमच्या शरीराने आधीच दिलेले इशारे. बसून उठलं की डोळ्यापुढे अंधारी येते का? चार पायऱ्या चढलं की धाप लागते का? रात्री उताणं झोपवत नाही का? मागच्या बाळंतपणात किंवा ऑपरेशनमध्ये ‘बीपी लो झाला होता’ असं कुणी म्हटलं होतं का? आईला, बहिणीला भुलीचा त्रास झाला होता का? अंधारी येणं हा टाकी कमी असल्याचा इशारा असू शकतो, धाप लागणं हा मोटारीचा. डॉक्टर हेच विचारतात, पण त्यांच्यापुढे रांग असते. आपण उत्तरं तयार ठेवून गेलं तर पाच मिनिटांतही काम होतं.

आता सिझेरियन. यात बाई जागी असते. पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. या सुईनंतर बीपी उतरणं फार नेहमीचं आहे. काही उपाय केला नाही तर निम्म्याहून जास्त जणींचा उतरतो. शिवाय गरोदर बाई उताणी झोपली की गर्भाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो, म्हणून तिला थोडं डावीकडे कलतं ठेवतात, उजव्या कुशीखाली उशी देतात. सलाईन चालू असतं, बीपी वर आणणारं औषध सुईत भरून तयार असतं. पट्ट्यावर आकडा दिसायच्या आधी बाईलाच कळतं. मळमळतं, जीव घाबरा होतो, कानात घूं होतं, जांभया येतात, गळून गेल्यासारखं वाटतं. इथे एवढ्या महागड्या मशीनपेक्षा बाईचं तोंड लवकर इशारा देतं. पण आपल्या बाया बोलत नाहीत! डॉक्टर रागावतील, लाज वाटते. सांगायचं. “मॅडम, मले कसंनुसं वाटते,” एवढं म्हटलं तरी पुरे. त्यांना त्याचा अर्थ कळतो, आणि बाळालाही त्याच रक्तातून ऑक्सिजन मिळत असतो.

माडिया, गोंडी बोलणाऱ्या बहिणींची इथे जास्त अडचण होते. मळमळतं हे मराठीत कसं सांगायचं तेच सुचत नाही, डॉक्टर बाहेरगावचे. हेमलकशाच्या लोकबिरादरीत आणि शोधग्रामच्या मां दंतेश्वरी दवाखान्यात त्यांची भाषा जाणणारी माणसं असतात, सगळीकडे नसतात. तुमच्या गावातून अशी बाई जाणार असेल तर आशाताईने किंवा गटातल्या एखादीने सुई देण्याआधी डॉक्टरला सांगून ठेवावं की हिला मराठी येत नाही, तिने हात वर केला तर त्रास होतोय असं समजा. एवढी खूण ठरवायला पैसा लागत नाही.

शोधग्रामचं नाव निघालं म्हणून एक सांगते. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती, १९८९ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध पत्रिकेत छापली गेली. १०० पैकी ९२ जणींना स्त्रीरोग होता, आणि त्यातल्या फक्त ८ जणींनी त्याआधी कधी तपासून घेतलं होतं. तेव्हा बायकांना तपासणीच मिळत नव्हती. आज उलटी भीतीही आहे, गरज नसताना पिशवी काढण्याची. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलं आणि शासनाला समिती नेमावी लागली. तेव्हा बीपी उतरू नये याचा सगळ्यात पक्का उपाय कोणता, तर गरज नसलेलं ऑपरेशन न करणं. पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घ्या. पैशाच्या भीतीने स्वस्त आणि घाईचं ठिकाण निवडू नका. आज ज्याला आपण महात्मा फुले जनआरोग्य योजना म्हणतो, ती २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली त्यात आपला गडचिरोली होता. कोणतं ऑपरेशन, कोणता दवाखाना त्यात बसतो, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारून मगच गटाकडे कर्जाचा अर्ज करा.

ऑपरेशन झाल्यावर बाई वॉर्डात येते तेव्हा घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण आतून रक्त जात असेल तर बीपी तिथेही उतरतो, आणि तिथे भूल देणारा डॉक्टर जवळ नसतो, तुम्ही असता. त्यासाठी एक सोपी खूण. बीपीचा वरचा आकडा आणि नाडीचा आकडा यांची तुलना करा. बरी असलेल्या बाईत वरचा आकडा ११०-१२० आणि नाडी ८०-९० च्या घरात असते, म्हणजे नाडी लहान. नाडी वाढत वाढत बीपीच्या वरच्या आकड्याच्या बरोबरीला आली किंवा पुढे गेली, तर लगेच सिस्टरला बोलवा. बीपी अजून ‘ठीक’ दिसत असला तरी. कारण शरीर आधी नाडी पळवून तूट भरून काढतं, आणि ते थकलं की मग बीपी कोसळतो. बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी लंडनच्या डॉक्टरांनी याच हिशेबावर लाल-पिवळा-हिरवा दिवा दाखवणारं मशीन बनवलं. ते ज्या ठिकाणी तपासलं त्यात आपल्या शेजारचं, बेळगाव जिल्ह्यातलं गोकाकही होतं. घाम सुटणं, हातपाय गार पडणं, बाई बावरल्यासारखी बोलणं, लघवी कमी होणं, याही त्याच खुणा. “झोपू द्या, थकली आहे,” असं म्हणून गप्प बसू नका.

मागच्या आठवड्यात नागभीडकडच्या एका गटाने निरोप पाठवला होता, बीपीचं मशीन गटाच्या पैशातून घ्यावं का? माझं उत्तर, घ्या, पण दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर आकडा खोटा कमी येतो, जाड दंडाला लहान बांधला तर खोटा जास्त. मोजण्याआधी पाच मिनिटं बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर टेकलेला, बोलायचं नाही, अर्धा तास आधी चहा आणि खर्रा नाही. दोनदा मोजायचं. तारीख आणि आकडा वहीत लिहायचा, नाडीचा आकडासुद्धा, तो मशीन दाखवतंच. ऑपरेशनला निघालेल्या बाईने महिनाभराचे आकडे असलेलं ते पान सोबत न्यायचं. तिचा नेहमीचा बीपी किती असतो हे त्या पानावरून भूल देणाऱ्याला कळतं, आणि टेबलावर किती उतरला तर तिच्यासाठी जास्त झालं, हे त्यालाच ठरवायचं असतं. सेल संपले की आकडे चुकतात, तेवढं खजिनदाराने लक्षात ठेवावं.